प्रवेशाच्या बाजारातील ‘प्रिय विद्यार्थी’

बारावीच्या उत्तरपत्रिका अद्याप तपासून व्हावयाच्या असतात, तोच जबलपूरच्या रांझी, खमरिया, घमापूर या वस्त्यांतील मुलामुलींच्या फोनवर पत्रे येऊ लागतात. पत्र ई-मेलने येते. आरंभी विद्यार्थ्याचे नाव असते. आडनाव नव्हे, केवळ नाव, घरचे माणूस हाक मारील तसे. मजकूर जिव्हाळ्याचा असतो. तुमचा ओढा संगणकशास्त्राकडे आहे हे कळून आनंद झाला; तुमच्यासारख्या गुणी विद्यार्थ्यासाठी एक जागा व एक शिष्यवृत्ती राखून ठेवली आहे; मात्र शुक्रवारपूर्वी कळवावे. खाली एका व्यक्तीची सही, आणि सहीखाली हुद्दा : ‘ॲडमिशन कौन्सेलर’, म्हणजे प्रवेश समुपदेशक. उत्तर गेले नाही तर तिसऱ्या दिवशी किंचित दुखावल्या सुरातले दुसरे पत्र, आणि पाचव्या दिवशी फोन.

ज्या घरात हे पत्र वाचले जाते त्या घरातील बाप कदाचित तोफगाडी कारखान्यात, कदाचित वाहन कारखान्यात किंवा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात राबलेला असतो. तिथे त्याची ओळख तिकीट नंबर हीच होती. त्याच्या मुलीला मात्र एक विद्यापीठ नावाने पत्र लिहिते, तिची आवड विचारते, तिच्यासाठी जागा अडवून ठेवते, याचे त्याला अप्रूप वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. या अप्रूपावरच तर सारा व्यवहार उभा आहे.

पक्षकार्यकर्त्यांत या पत्रांकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी अशी की, ही जाहिरातबाजी आहे, तिचा उपद्रव होतो, पत्र पुसून टाकावे आणि पुढे जावे. ही दृष्टी अपुरी आहे. भिंतीवरची जाहिरात सर्वांना उद्देशून असते व तिला जाहिरातीचेच तोंड असते. हे पत्र एका मुलाला उद्देशून असते आणि त्याचे तोंड हितचिंतकाचे असते. विक्रेता हितचिंतकाचे सोंग घेऊन घरात शिरतो तेव्हा प्रश्न केवळ उपद्रवाचा राहत नाही. विद्यार्थ्याला योग्य सल्ला देण्याचे काम कोणाचे होते, ते कोणी सोडून दिले, आणि त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसले, हा प्रश्न उभा राहतो.

शब्दापासूनच सुरुवात केली पाहिजे. मध्य प्रदेशात ‘काउन्सेलिंग’ या शब्दाला एक निश्चित अर्थ होता व आहे. तंत्रशिक्षण संचालनालय गुणवत्तायादी लावते, विद्यार्थी पसंतीक्रम भरतो, आरक्षणाचे नियम पाळून जागावाटप होते, या सरकारी प्रक्रियेला तिथली जनता काउन्सेलिंग म्हणते. पदवी महाविद्यालयांसाठी उच्चशिक्षण विभागाची ‘ई-प्रवेश’ ही तशीच व्यवस्था आहे. त्या प्रक्रियेत दोष अनेक. परंतु तिचा पाया असा की, जागा ही सार्वजनिक वस्तू आहे आणि ती कोणाला मिळावी याचा नियम सर्वांसमोर लिहिलेला आहे. मराठीत ‘समुपदेशक’ या शब्दाला तर याहून कोमल अर्थ आहे : अडचणीतल्या माणसाशेजारी बसून त्याला त्याचाच मार्ग शोधावयास मदत करणारा. खाजगी शिक्षणसंस्थांनी दोन्ही शब्दांची पत उचलली आणि ती आपल्या विक्रीखात्यातील नोकराच्या छातीवर बिल्ल्यासारखी लावली. सरकारी काउन्सेलिंगला गेलेल्या विद्यार्थ्याच्या आईबापांना खाजगी ‘कौन्सेलर’चा फोन येतो, तेव्हा तो सरकारी अंमलदार की दुकानाचा गुमास्ता याचा उलगडा पुष्कळदा पैसे भरून झाल्यावरच होतो.

आता पत्र कसे तयार होते ते पाहू गेल्यास जिव्हाळ्याचे रहस्य उलगडते. ते पत्र कोणी बसून लिहीत नाही. एक मसुदा असतो. त्यात नाव, गाव, शाखा, अपेक्षित गुण यांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. एका तक्त्यातील रकान्यांतून हा मजकूर यंत्राने भरला जातो आणि एका कळीसरशी हजारो ‘व्यक्तिगत’ पत्रे रवाना होतात. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे मसुदाही प्रत्येकासाठी थोडा थोडा बदलून निघतो, म्हणजे दोन मैत्रिणींनी पत्रे शेजारी ठेवून पाहिली तरी चोरी उघडी पडू नये. अशा पत्रात डोळ्यांना न दिसणारे एक चित्रही बहुधा दडवलेले असते. पत्र उघडताच ते चित्र पाठवणाऱ्याच्या संगणकावरून मागवले जाते आणि तिकडे नोंद होते : अमक्याने पत्र उघडले, इतक्या वाजता, इतक्यांदा. शुल्काच्या दुव्यावर बोट ठेवले, वसतिगृहाच्या ठेवले नाही, याचीही वेगळी नोंद राहते. या धंद्याच्या भाषेत विद्यार्थ्याला ‘लीड’ म्हणतात. पत्र न उघडणारी लीड थंड. रात्री अकराला दोनदा उघडणारी लीड गरम. गरम लीडला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन जातो, आणि कौन्सेलर योगायोगानेच आठवण झाल्यासारखा बोलतो. मुलगा म्हणतो, यांना माझ्या मनातले कसे कळले! मनातले कळले नाही. बोटाची हालचाल मोजली गेली.

‘शिष्यवृत्ती’चीही तीच कथा. शुल्काचा आकडा आधी फुगवावयाचा, मग एक सोपी ऑनलाइन चाचणी घ्यावयाची, आणि जवळजवळ प्रत्येकाला तीत पात्र ठरवून आकडा खाली आणावयाचा. कापडबाजारात याला ‘सूट’ म्हणतात. शिष्यवृत्ती हा शब्द गरीब आणि हुशार मुलाला समाजाने दिलेल्या आधारासाठी होता. तो किमतीच्या चिठ्ठीवर चिकटवण्यात आला आहे. शुक्रवारची मुदतही अशीच. ती संपली की पुढच्या शुक्रवारची येते.

हा तक्ता येतो कोठून? प्रवेशपरीक्षेचे अर्ज, शिकवणीवर्गांची नोंदणी, शाळेच्या सभागृहात भरणारे ‘करिअर मेळावे’, महाविद्यालयांची माहिती फुकट देणारी संकेतस्थळे. जिथे जिथे मुलगा नाव आणि फोन क्रमांक लिहितो तिथे तिथे गळती लागलेली असते. २०१८ च्या जुलैत ‘नीट’ परीक्षेला बसलेल्या सुमारे दोन लाख विद्यार्थ्यांची माहिती काही संकेतस्थळांवर विक्रीस असल्याच्या बातम्या आल्या. राहुल गांधी यांनी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमुखांना त्याबाबत जाहीर पत्र लिहिले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने ‘बायजूज’च्या प्रमुखांना समन्स काढले. मुलांचे व पालकांचे फोन क्रमांक मिळवून कंपनी त्यांच्या पाठीस लागते, असा आयोगाच्या अध्यक्षांचा जाहीर आरोप होता आणि कंपनीने तो फेटाळला होता. जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या पुरस्कर्त्यांनी तोवर तिला भारतीय उद्यमशीलतेचे शिखर ठरवून टाकले होते.

ज्या देशातून ही विद्या आयात झाली तिथेही चित्र निराळे नाही. अमेरिकेत ‘कॉलेज बोर्ड’ ही परीक्षा घेणारी, कायद्याच्या दृष्टीने नफा न कमावणारी संस्था कित्येक दशके परीक्षार्थींची नावे महाविद्यालयांना पैसे घेऊन देत आली. २०१९ साली तिथल्या वृत्तपत्रांत एका नावाचा भाव ४७ सेंट असा छापून आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने तिच्याकडून साडेसात लाख डॉलर दंड वसूल केला. शाळेच्या वेळेत घेतलेल्या परीक्षांतून मिळालेली विद्यार्थ्यांची माहिती तिने विकली, हे कारण. ‘नफा न कमावणारी संस्था’ हे शब्द भारतातल्या वाचकाला परिचयाचे आहेत. इथेही शिक्षणसंस्था ही कायद्याने धर्मादाय असते. विश्वस्तांच्या मोटारी तेवढ्या धर्मादाय नसतात.

परंतु तंत्राचे वर्णन करून थांबणे म्हणजे धूर पाहून चुलीकडे पाठ फिरवणे. ही पत्रे लिहावी का लागतात? जे महाविद्यालय चांगले आहे, ज्याचे शुल्क कामगाराच्या आवाक्यात आहे, त्याला कोणाची आर्जवे करावी लागत नाहीत. त्याच्या दारात रांग असते. जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली उभे राहिले. त्याने कुठल्या मुलाला ‘तुझी आवड कळून आनंद झाला’ असे लिहिल्याचे ऐकिवात नाही. आर्जव करावे लागते ते ज्याचा माल पडून आहे त्याला. आणि माल पडून आहे हे आकडेच सांगतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या अभियांत्रिकीच्या जागा २०१४-१५ मध्ये जवळपास ३२ लाख होत्या. २०२१-२२ पर्यंत त्या सुमारे २३ लाखांवर आल्या. गिऱ्हाईक मिळेना म्हणून महाविद्यालये बंद पडली. मागणीचा विचार न करता, केवळ नफ्याच्या वासाने भांडवल एका धंद्यात लोटते, माल गोदामात साचतो, आणि मग तो खपवण्यासाठी विक्रेत्यांची फौज उभी करावी लागते. मार्क्सवादाच्या प्राथमिक वर्गात अतिउत्पादनाचे अरिष्ट शिकवताना कापडाच्या ताग्यांचे उदाहरण देतात. आता वर्गातल्या बाकाचे दिले तरी चालेल.

यातील विसंगती अशी की, याच देशात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार १८ ते २३ वयोगटातील शंभरापैकी सुमारे २८ जणांइतकेच उच्चशिक्षणात पोहोचतात. म्हणजे एकीकडे बाके रिकामी, दुसरीकडे तीन-चतुर्थांशाच्या आसपास तरुण बाहेर. भाकरी कुजते आणि माणूस उपाशी राहतो तसे हे. बाहेरच्या मुलाला आत आणण्याचे दोन मार्ग आहेत : शुल्क उतरवणे, किंवा कर्ज काढावयास लावणे. पत्र लिहिणारा दुसरा मार्ग सुचवतो. पत्राच्या तळाशी ‘सुलभ हप्ते’ असतातच. सरकारही त्याच मार्गाने चालले आहे. २०१७ पासून ‘हेफा’ या वित्तसंस्थेमार्फत खुद्द सार्वजनिक विद्यापीठांना इमारतींसाठी अनुदानाऐवजी कर्ज घ्यावयास लावण्यात येत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ मंजूर केली तीही ८६० निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी कर्जाची योजना. बापाने जन्मभर सोसायटीचे कर्ज फेडले. मुलाने नोकरी लागण्यापूर्वीच बँकेचे कर्ज डोक्यावर घ्यावयाचे.

इथपर्यंत येण्याचा रस्ता जबलपूरच्या इतिहासात लख्ख दिसतो. हितकारिणी सभा १८६८ ची. रॉबर्टसन कॉलेज १८७३ साली सागरहून इथे आले. पुढे १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा जबलपूरची महाविद्यालये त्यालाच जोडली गेली, आणि जुन्या मध्य प्रांतातील मराठी व हिंदी मुले एकाच विद्यापीठाच्या परीक्षांना बसू लागली. १९५६ साली जबलपूर विद्यापीठ झाले, आजचे राणी दुर्गावती विश्वविद्यालय. १९६४ साली कृषी विद्यापीठ. या संस्थांवर ब्रिटिश नोकरशाहीची आणि नंतर काँग्रेसी सरकारची छाप होती, त्या उच्च जातींच्या व वर्गांच्या मुलांनी भरलेल्या होत्या, हे सारे खरे. तरीही तोफगाडी कारखान्यातल्या फिटरचा मुलगा तिथे इंजिनिअर होऊ शकत असे, आणि त्यासाठी घर गहाण टाकावे लागत नसे.

मग १९८३ साली महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली. सहकारातले सम्राट शिक्षणातले सम्राट झाले. ‘कॅपिटेशन फी’ या शब्दाची इतकी दुर्गंधी सुटली की १९८७ मध्ये महाराष्ट्राला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मोहिनी जैन खटल्यात ती घटनाबाह्य ठरवावी लागली. दहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २००२ रोजी, टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षणसंस्था चालवणे हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. नफेखोरी नको, परंतु ‘वाजवी शिल्लक’ चालेल, असे न्यायालय म्हणाले. शिल्लक कोठे संपते आणि नफा कोठे सुरू होतो हे मोजण्याचा गज अद्याप कोणी तयार केलेला नाही. २००७ मध्ये मध्य प्रदेशाने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला. आज देशातील महाविद्यालयांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक खाजगी व्यवस्थापनाखाली आहेत. देणगीचे पाकीट मागणारा संस्थाचालक जाऊन पत्र पाठवणारा कौन्सेलर आला, तो या वाटेने आला. पूर्वी जागा थोड्या होत्या म्हणून संस्थाचालक उर्मट होता; आता जागा पडून आहेत म्हणून तो लाघवी झाला आहे. धंदा तोच.

या पत्रांच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद केला जातो व तो गंभीरपणे घेतला पाहिजे. मोठ्या शहरातल्या सुस्थित घरातील मुलाला चौकशी करावयास काका-मामा असतात. रांझीतल्या मुलीला कोण आहे? तिला नावानिशी पत्र आले, पर्याय कळले, प्रश्न विचारावयास कोणी माणूस मिळाला, तर यात लोकशाहीकरणच नाही काय? गरज खरी आहे, आणि म्हणूनच हा युक्तिवाद फसवा आहे. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला सल्ल्याची नितांत गरज असते. पण सल्ला देणाऱ्याला ‘तुला हे जमणार नाही, त्यापेक्षा जवळचे सरकारी महाविद्यालय बरे’ असे म्हणण्याची मोकळीक असली तरच तो सल्ला. ज्याचा पगार भरलेल्या जागांवर ठरतो त्याला ही मोकळीक नाही. तो विद्यार्थिनीला दहा पर्याय दाखवत नाही. एकच पर्याय दहा प्रकारांनी दाखवतो. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क किती, मागासवर्गीय शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे करावा, आयटीआयनंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी कशी मिळते, हे त्याच्या मसुद्यात कधीच नसते.

शिकाऊ उमेदवारीचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. जबलपूरच्या आयुध कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अप्रेंटिस घेतले आणि घडवले. कामगाराच्या मुलापुढे तो एक खरा, पगारी, प्रतिष्ठेचा रस्ता होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले. त्याआधी काही आठवडे, कामगारांनी संप करू नये म्हणून, अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा संमत करून घेतला. कायम नोकरीचे दार असे अरुंद होत गेले की ‘तुमच्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे’ या वाक्यात अधिकच गोडी येते. बाजारू शिक्षणाची भूक बेकारीने वाढवली जाते, हे विसरून या प्रश्नाचा विचार होणे शक्य नाही.

सरकारी महाविद्यालयांत सल्ला द्यावयास माणसे नाहीत काय? होती. मध्य प्रदेशच्या शासकीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षे कायम प्राध्यापकांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि शिकवण्याचे ओझे ‘अतिथी विद्वान’ म्हणवणाऱ्या कंत्राटी शिक्षकांवर टाकण्यात आले. भारदस्त नाव आणि टांगती नोकरी! २०१९-२० च्या हिवाळ्यात हे विद्वान भोपाळच्या शाहजहानी पार्कमध्ये धरणे धरून बसले होते. ज्याला स्वतःची पुढच्या वर्षाची जागा ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या मुलीला पुढच्या चार वर्षांचा सल्ला द्यावा ही अपेक्षाच क्रूर आहे. सरकारने आपला समुपदेशक असा उपाशी ठेवला आणि मैदान दुसऱ्याच्या समुपदेशकाला मोकळे करून दिले.

सल्ला खोटा निघाला म्हणजे काय होते हे पाहण्यासाठी जबलपूरकरांना दूर जावे लागत नाही. राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण त्यांच्याच शहरातील उच्च न्यायालयात चालले. परिचारिका होऊ पाहणाऱ्या, बहुतांशी खेड्यापाड्यांतल्या व गरीब घरांतल्या मुलींकडून शुल्क घेणारी कित्येक महाविद्यालये प्रत्यक्षात एखाद्या खोलीत आहेत, कित्येकांना रुग्णालयच नाही, एकच शिक्षक अनेक महाविद्यालयांच्या यादीत दाखवला आहे, असे आरोप याचिकेत होते. न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तपासणी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३०८ महाविद्यालयांचा अहवाल आला : १६९ योग्य, ७४ मध्ये उणिवा, ६५ अयोग्य. त्यानंतर काही महिन्यांतच, चांगले अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयला आपल्याच तपास अधिकाऱ्याला अटक करावी लागली, आणि ‘योग्य’ ठरलेल्या १६९ महाविद्यालयांची फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. दरम्यान २०२० साली प्रवेश घेतलेल्या मुलींच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षाच वर्षानुवर्षे रखडल्या. करोनाच्या साथीत ज्यांच्या हातांची देशाला गरज होती त्या मुली प्रवेशपत्र हातात धरून घरी बसल्या.

या महाविद्यालयांनी नावानिशी ई-मेल पाठवले होते असा दावा इथे नाही. तिथे दलाल, भिंतीवरचे फलक आणि नातलगांची ओळख एवढ्यावर काम भागले असणार. मुद्दा हा की, पत्रातील शब्द खरा की खोटा हे तपासण्याचे कोणतेही साधन विद्यार्थिनीच्या हाती नाही. मान्यतेचा शिक्का विश्वसनीय म्हणावा, तर नर्सिंगचे हे उदाहरण समोर आहे. पत्राच्या मथळ्यावर झळकणारी ‘नॅक’ची श्रेणी विश्वसनीय म्हणावी, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये एका खाजगी विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली नॅकच्या तपासणी पथकातील मंडळींनाच सीबीआयने पकडले. व्यापमचे नाव निघाले की मध्य प्रदेशातील आईबाप अजूनही आवाज खाली आणतात. अशा प्रदेशात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे पत्र सतरा वर्षांच्या मुलीला लिहिणे हा निरुपद्रवी प्रचार नव्हे.

सतरा वर्षे हे वय इथे महत्त्वाचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक आहे. तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणी केलेली संमती लागते. तिच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि तिला लक्ष्य करून जाहिरात करणे यांना मनाई आहे. बारावीची बहुतेक मुले या व्याख्येत बसतात. म्हणजे कोणी किती वाजता पत्र उघडले याची टिपणे ठेवून गरम-थंड ठरवणारी सारी व्यवस्था कायद्याच्या या कलमाच्या नेमकी विरोधात जाते. पण नियम निघावयास नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शिवाय नियमांत शैक्षणिक संस्थांना त्यांच्या शैक्षणिक कार्यापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती पाळतीच्या बंदीतून सूट आहे. शिकत असलेल्या विद्यार्थ्याच्या हजेरीसाठी ती सूट समजण्याजोगी आहे. जो विद्यार्थी अद्याप संस्थेत आलेलाच नाही त्याला गळाला लावणे म्हणजेही ‘शैक्षणिक कार्य’ असे उद्या संस्थांचे वकील म्हणणार नाहीत, याची हमी कोण देणार?

त्याच कायद्याने दुसरे एक काम मात्र तत्परतेने केले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये दुरुस्ती करून ‘वैयक्तिक माहिती’ नाकारण्याची मुभा सैल केली, आणि ही दुरुस्ती अठरा महिने थांबली नाही. ती नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आली. परिणाम असा की, एका मुलीचे नाव, गाव, गुण आणि फोन क्रमांक बाजारात फिरत राहतात. आणि त्या मुलीच्या बापाने ‘या महाविद्यालयाच्या कागदावर दाखवलेले शिक्षक खरोखर कोण आहेत’ असे सरकारला विचारले, तर ती शिक्षकांची वैयक्तिक माहिती आहे असे उत्तर त्याच्या हाती ठेवता येते. नर्सिंग प्रकरणात नेमकी शिक्षकांची यादीच वादाचा विषय होती हे आठवले म्हणजे या दुरुस्तीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आता एका चुकीविषयी, जी पुरोगामी वर्तुळातही आढळते. पत्राखाली ज्याची सही असते त्या कौन्सेलरला खलनायक समजण्याची ती चूक. तो किंवा ती बहुधा तेवीस-चोवीस वर्षांची पदवीधर असते, पुष्कळदा अशाच एखाद्या महाविद्यालयातून कर्ज काढून पदवी घेतलेली. मूळ पगार तुटपुंजा, बाकी सारे भरलेल्या जागांवर. दिवसाला किती फोन, किती मिनिटे बोलणे, किती ‘गरम’ लीड, याचा फलक डोक्यावर; प्रवेशाचा हंगाम संपला की नोकरीही संपण्याची भीती. ज्या यंत्राने विद्यार्थ्याचे बोट मोजले तेच यंत्र तिच्या जिभेची मिनिटे मोजते. कापडगिरणीत दोन मागांवर चार माग लादले गेले तेव्हा कामगारांनी विणकराला दोष दिला नव्हता. हा शिक्षित बेकारांतून भरती झालेला, असंघटित, हंगामी नोकरवर्ग आहे, आणि त्याला संघटित करण्याचा विचार अद्याप कोणी गांभीर्याने केलेला नाही. आतील व्यवहार बाहेर आणण्याची ताकद, नावांच्या याद्या कोठून येतात हे सांगण्याची ताकद, त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाजवळ नाही.

जबलपूर हे नाव इथे उदाहरणादाखल आले. तीच पत्रे नागपूरच्या हिंगणा मार्गावर येतात, सोलापूरच्या विडी वस्तीत येतात, बेळगाव-इंदूरच्या मराठी घरांत येतात, आणि आडनाव व गाव पाहून पुण्याच्या वसतिगृहाचे छायाचित्र जोडले जाते. तेव्हा मे आणि जून हे दोन महिने विद्यार्थी आघाडीने व कामगार संघटनांच्या शाखांनी या कामासाठी राखले पाहिजेत. युनियनच्या कार्यालयात एक टेबल, एक जाणती शिक्षिका, सरकारी महाविद्यालयांच्या शुल्काची व शिष्यवृत्त्यांची छापील यादी, आणि आलेली पत्रे एकत्र ठेवण्यासाठी एक फाईल, एवढ्याने आरंभ होतो. पत्रे एकत्र ठेवली की दोन शेजारणींसाठी ‘राखून ठेवलेली’ एकच जागा चटकन दिसते. प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेने शिक्षकांची नावे, भरलेल्या व रिकाम्या जागा आणि प्रत्यक्ष घेतलेले शुल्क प्रवेशापूर्वी जाहीर करावे. प्रवेश न घेतलेल्या बालकावर पाळत ठेवण्यास कोणतीही सूट असू नये. आणि प्रत्येक शासकीय महाविद्यालयात कायम पगारावर समुपदेशक नेमावा, या मागण्या त्या फाईलच्या आधाराने करता येतील.

ज्यांनी शुक्रवारच्या भीतीने पैसे भरून टाकले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट ताबडतोब सांगण्याजोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी असे बजावले होते की, ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याचे संपूर्ण शुल्क संस्थेने परत केले पाहिजे, आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापून घेता येतील. कौन्सेलरच्या पत्रात शेवटच्या तारखा पुष्कळ असतात. ही तारीख त्यांत नसते. चालू वर्षाचे आयोगाचे परिपत्रक काढून ते युनियनच्या फलकावर लावावे, आणि परताव्याचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.